मानसोपचारतज्ज्ञाला तालुक्यात राहून संघटनेचं नेतृत्व करता येतं का?

तुमचा प्रश्न असा आहे: तालुक्याच्या ठिकाणी प्रॅक्टिस आहे, मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेत पुढे जायचंय, तर त्यासाठी शहरात जावंच लागेल का आणि सुरुवात कुठून करायची?

शहरात जायची काही गरज नाही. पण कुणी 'ग्रामीण समिती'चं अध्यक्षपद देऊ केलं तर लगेच हो म्हणू नका. समितीला स्वतंत्र निधी आहे का, बैठकांच्या तारखा ठरलेल्या आहेत का, तिच्या शिफारशी कार्यकारिणीच्या विषयपत्रिकेवर येतात का, एवढं आधी विचारा. तिन्हींचं उत्तर 'नाही' असेल तर ते पद शोभेचं आहे. त्यापेक्षा सहसचिवपद किंवा खजिनदारपद मागून घ्या. महाराष्ट्रात नोंदणी झालेल्या संस्थेत पदाधिकारी बदलले की ९० दिवसांत धर्मादाय आयुक्तांकडे चेंज रिपोर्ट द्यावा लागतो. तो राहिला की विलंबमाफीचा अर्ज आला, बँकेतल्या सह्या बदलायला अडचण आली आणि परिषदेचा खर्च तुंबला. ही कामं वेळेवर करणाऱ्या माणसाला पुढच्या निवडणुकीत ओळख करून द्यावी लागत नाही.

आता ज्यासाठी मी उत्तर लिहायला बसलो ते सांगतो. 'गावाकडच्या डॉक्टरकडे रुग्ण असतात, धोरणाचे मुद्दे नसतात, म्हणून आधी शहरात नाव करा' असं आपल्या क्षेत्रातली ज्येष्ठ मंडळी सर्रास सांगतात. हे साफ चूक आहे. या देशातलं मानसिक आरोग्याचं धोरण गावातच घडलंय. १९७५ नंतर हरियाणातल्या रायपूर राणीत आणि बंगळुरूजवळच्या सकलवाराला गावपातळीवर मानसिक उपचार देण्याचे प्रयोग झाले, १९८२मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम आला, मग कर्नाटकातल्या बळ्ळारी जिल्ह्यात त्याची घडी बसवली गेली आणि १९९६मध्ये ४ जिल्ह्यांत जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू झाला.

आणि मुद्दे कसे नसतात? एकट्या औषधसाठ्याचं घ्या. समजा जिल्ह्याच्या कार्यक्रमात ६० रुग्णांना रिस्पेरिडोन या स्किझोफ्रेनियावरच्या औषधाच्या २ मिग्रॅच्या २ गोळ्या रोज लागतात. म्हणजे महिन्याला ३,६०० आणि वर्षाला ४३,२०० गोळ्या. वर्षात ४ महिने साठा शून्य राहिला, तर वाटप होतं २८,८००. पुढच्या वर्षाची मागणी काढणारा कर्मचारी मागच्या वर्षाचं वाटप बघतो आणि २८,८००च लिहितो. कागदावर आता ४० रुग्ण उरले. माल पूर्ण आला तरी तो ८ महिनेच पुरणार, आणि मागणीपेक्षा कमी आला तर पुढचा आकडा आणखी खाली घसरणार. यात कुणाची लबाडी नसते. भागाकार चुकीच्या आकड्याने होतो, एवढंच. एकूण वाटपाला १२ने भागायचं नाही, साठा हातात होता तेवढ्या महिन्यांनी भागायचं: २८,८०० भागिले ८, म्हणजे ३,६००. त्यावर ३ महिन्यांचा राखीव साठा १०,८००, आणि नवे रुग्ण वेगळे धरायचे.

मनःस्थिती स्थिर ठेवणाऱ्या सोडियम व्हॅल्प्रोएटचं दुखणं वेगळं आहे. तीच गोळी फिट्सच्या रुग्णांनाही जाते. दोन्हींची नोंद वेगळी ठेवली नाही तर मानसिक आजाराच्या रुग्णांच्या मोजणीवरून काढलेली मागणी नेहमीच अपुरी पडते. लिथियम (हेही मनःस्थिती स्थिर ठेवणारं औषध) अचानक थांबलं की उन्माद पुन्हा उसळण्याचा धोका वाढतो. क्लोझापिन (दाद न देणाऱ्या स्किझोफ्रेनियावरचं औषध) ४८ तासांपेक्षा जास्त चुकलं तर जुना डोस तसाच सुरू करता येत नाही, पुन्हा १२.५ मिग्रॅपासून चढावं लागतं. बस पकडून आलेल्या रुग्णाला 'पुढच्या आठवड्यात या' म्हटल्याची खरी किंमत ही असते. स्टॉक रजिस्टर रोज डोळ्यांसमोर असलेल्या माणसालाच ती दिसते, म्हणून संघटनेत तो हवा.

हा मुद्दा सभेत नेताना भाषण करू नका, ठराव लिहून न्या. 'ग्रामीण मानसिक आरोग्याकडे लक्ष द्यावे' या ठरावावर टाळ्या पडतात आणि तो इतिवृत्तात पडून राहतो. त्याऐवजी असं लिहा: 'मानसिक आजारांच्या औषधांची वार्षिक मागणी साठा उपलब्ध असलेल्या महिन्यांच्या सरासरीवर काढावी, असे पत्र सचिवांनी ३० दिवसांत आरोग्य सेवा आयुक्तालयाला द्यावे आणि पुढील बैठकीत उत्तर मांडावे.' कुणी, कुणाला, कधीपर्यंत, हे तिन्ही त्यात आलं पाहिजे. सोबत तुमच्या रजिस्टरचा १२ महिन्यांचा तक्ता एका पानावर जोडा. सूचना घटनेतल्या मुदतीत सचिवांकडे पोचवून पोच घ्या. आयत्या वेळचा विषय म्हणून मांडला तर तो पुढच्या सभेवर ढकलला जातो.

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ तोंडपाठ ठेवा. कलम ३१प्रमाणे सरकारने १० वर्षांत तज्ज्ञ मनुष्यबळ आंतरराष्ट्रीय निकषांपर्यंत नेण्याचे प्रयत्न करायचे आहेत. कायदा २९ मे २०१८ला लागू झाला, तेव्हा मुदत २०२८पर्यंत आहे. तालुक्यातून हे विचारणारा आवाज संघटनेत असलाच पाहिजे. कलम ७४प्रमाणे पुनर्विलोकन मंडळावर (रुग्णांची भरती आणि हक्क तपासणारं मंडळ) एक मानसोपचारतज्ज्ञ लागतो. तेही नेतृत्वच आहे, आणि जिल्हा न सोडता करता येतं.

गाडी घसरते ती दवाखाना वाऱ्यावर सोडल्यामुळे. बैठकीची तारीख कळताच स्थिर रुग्णांना ४ऐवजी ६ आठवड्यांची औषधं द्या. आत्महत्येचा धोका असलेल्यांना मात्र कमीच द्या आणि गोळ्या नातेवाइकांच्या ताब्यात ठेवा. क्लोझापिनवाल्यांच्या रक्ततपासणीच्या तारखा आधी उरकून घ्या (पहिले १८ आठवडे दर आठवड्याला असते). कलम ८९खाली (रुग्णाच्या नामनिर्देशित प्रतिनिधीच्या अर्जावर) दाखल रुग्ण असेल तर पुनर्विलोकन मंडळाला ७ दिवसांत, स्त्री असेल तर ३ दिवसांत कळवावं लागतं. ते काम कुणाकडे आहे हे लिहून ठेवा.

दोन गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. सरकारी सेवेत असाल तर निवडणुकीला उभं राहण्याआधी लेखी परवानगी घ्या, महाराष्ट्र नागरी सेवेचे १९७९चे वर्तणूक नियम तुम्हाला लागू आहेत. आणि सादरीकरणात रुग्णाचं नाव काढलं म्हणजे ओळख लपली असं समजू नका. लहान गावात वय, जात आणि पाडा एवढ्यावरून माणूस ओळखला जातो.

अध्यक्षपदाला किती वर्षं लागतील, याचं एक उत्तर नाही. उमेदवाराला किती वर्षांचं सदस्यत्व लागतं, वर्गणी थकली तर मतदानाचा हक्क राहतो का, हे प्रत्येक संघटनेच्या घटनेत वेगळं असतं. सचिवांकडून घटनेची प्रत मागवा आणि आधी पात्रतेचं कलम वाचा.