चौरस फुटाच्या दरावर घराचं बजेट ठरवावं का?

निपाणीजवळ 1200 चौरस फुटांचं तळमजल्याचं घर बांधायचंय आणि कंत्राटदार चौरस फुटाचा एकच दर सांगतोय, तर त्याला 1200 ने गुणून कर्ज काढावं का, असं तुम्ही विचारलंय. तसं करू नका. दोन कंत्राटदारांची तुलना करायला तो दर ठीक आहे. पण संप (जमिनीखालची पाण्याची टाकी), सेप्टिक टँक, कंपाउंड, गेट, बोअर, हेस्कॉमचं (वीज कंपनीचं) कनेक्शन हे त्यात सहसा नसतंच.

सगळ्यात मोठा फरक पडतो तो जोत्याखाली. निपाणी, चिकोडी, अथणी पट्ट्यात काळी जमीन भरपूर. पावसात ती फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, म्हणून पाया काळा थर ओलांडून घट्ट मुरमापर्यंत न्यावा लागतो. हा थर एका प्लॉटमध्ये चार फुटांवर संपतो, तर शेजारच्यात आठ फुटांवर. नकाशा पक्का करण्याआधीच जेसीबीनं दोन-तीन खड्डे काढून बघा, मात्र कॉलमच्या जागा सोडून. ते खड्डे इंजिनिअरला दाखवा आणि मगच पायाचं डिझाइन करून घ्या. जेसीबीचं हे भाडं वाचवू नका. (खानापूरकडं जांभ्यावर पाया लवकर लागतो, तिथलं अंदाजपत्रक इकडं चालत नाही.)

भरावाचा हिशेब वेगळा मांडा. 1200 चौरस फुटांत एक फूट भराव म्हणजे दबलेला 12 ब्रास (एक ब्रास म्हणजे 100 घनफूट). मोकळा मुरूम साधारण 15 ब्रास मागवावा लागतो. जोतं तीन फूट उचललं तर 45 ब्रास झाले. रस्ता पुढं डांबर चढून उंच होणार, तेव्हा जोत्याची उंची आजच्या रस्त्यावरून ठरवू नका. पायातून निघालेली काळी माती जोत्यात भरू देऊ नका. पाणी मुरलं की फरशी उचलली जाते.

आता माल. ढोबळमानाने अशा घराला 480 पोती सिमेंट आणि 4.2 ते 4.8 टन लोखंड लागतं. पाच इंची स्लॅब म्हणजे 500 घनफूट, 14 घनमीटरच्या वर. एम-20 प्रतीच्या काँक्रीटला घनमीटरला 8 पोती धरली तर नुसत्या स्लॅबला 113 पोती, बीम वेगळे. तुमच्या नकाशावरून इंजिनिअरकडून प्रत्येक कामाचं माप काढून घ्या आणि दर निपाणीच्या दुकानात विचारून लिहा. सळईचं वजनही तपासा: 12 मिमीची 12 मीटर लांब सळई साधारण 10.6 किलो भरायला हवी.

स्लॅब पडला की पैसे संपत आले, असं बऱ्याच घरांत होतं. कारण गिलावा, फरशी, दारं-खिडक्या, वायरिंग, नळकाम, रंग एवढं सगळं बाकी असतं आणि त्याचा खर्च सांगाड्याच्या आसपास जातो. फरशी आणि नळ आधीच निवडून त्यांचे दर करारात घाला. वरून 7 ते 10 टक्के रक्कम राखीव ठेवा. ती नकाशा बदलायला वापरू नका.

कंत्राटदाराला हप्ते कामानुसार द्या: जोतं, स्लॅब, गिलावा, फरशी. मोठा ॲडव्हान्स देऊ नका, शेवटचे 5 टक्के एक पावसाळा गेल्यावर द्या. काम दिवाळीनंतर लगेच सुरू करा. काळ्या जमिनीत जूनमध्ये खड्डे उघडे राहिले तर कडा ढासळतात आणि पाणी उपसायचा खर्च तुमच्याच माथी येतो.