बाळाचा पहिला तान्हा पोळा

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, भाद्रपद शुद्ध प्रतिपदेला, आपल्या वर्धा-नागपूरकडे तान्हा पोळा, म्हणजे लहान मुलांचा लाकडी बैलांचा पोळा, भरतो आणि बाळाचा तो पहिलाच असल्याने तुम्हांला मोठा नंदी घेण्याचा मोह होईल. परंतु दीड वर्षाच्या हाताला ओढवेल असा वीतभर उंचीचा, चाकांचा लाकडी बैलच घ्यावा. घेण्यापूर्वी शिंगांवरून आणि चाकांच्या खिळ्यांवरून स्वतःचे बोट फिरवून पाहावे, कारण मुले आधी शिंगच तोंडात घालतात. (आमच्या थोरल्याने तर पाठीवरचा रंगही चाटून काढला होता.) दोरी आखूड ठेवावी आणि खेळ संपताच सोडून घ्यावी. बोजाऱ्यासाठी, म्हणजे बैल घेऊन घरोघरी गेल्यावर मुलांना मिळणाऱ्या खाऊ-पैशांसाठी, पाचच घरे पुरेत. आजीला दहा हवी असतील, तिथे वाद घालू नये. मिळालेली नाणी मात्र लगेच बाळाच्या मुठीतून काढून घ्यावीत.