आधी मित्रांचा करारनामा, मग कॅमेरा

देवगड तालुक्यातील एका बागायतदार पालकांनी विचारले आहे : 'मुलाने पुण्यात चित्रपटनिर्मितीचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम पूर्ण केला. आता नोकरी न शोधता चार मित्रांना घेऊन गावातच मालवणी बोलीत सहा भागांची वेबसिरीज करायची म्हणतो आणि यंदाच्या आंब्याच्या पट्टीतून तीन लाख रुपये मागतो. द्यावेत का?'

सप्रेम नमस्कार.

तीन लाख एकदम देऊ नयेत, परंतु नकारही देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. या क्षेत्रात काम मागायला गेलेल्या मुलाला प्रमाणपत्रापेक्षा 'तू काय केले आहेस, ते दाखव' असेच विचारले जाते, आणि दाखवण्यासाठी पूर्ण झालेला एक भाग हा अर्धवट राहिलेल्या सहा भागांपेक्षा कितीतरी मोलाचा असतो. शिवाय मुंबईत ज्यासाठी भाडे मोजावे लागते ते घर, अंगण, बाग आणि बोली त्याच्यापाशी आहेच.

मला काळजी वाटते ती पैशांपेक्षा मित्रांमधील व्यवहाराची. मी पाहिलेले असे गट पैसे संपल्यामुळे क्वचितच फुटले. दिग्दर्शक म्हणून नाव कोणाचे आणि तयार झालेली मालिका कोणाच्या मालकीची, या प्रश्नांवर ते फुटले. पाच जण नफ्यासाठी एकत्र व्यवसाय करू लागले, की त्यांच्याकडे कागद असो वा नसो, कायदा त्यांना भागीदार मानू शकतो. १९३२ च्या भागीदारी कायद्यानुसार वेगळा करार नसल्यास नफा-तोटा सर्वांमध्ये समान वाटला जातो, म्हणजे वर्षभर राबलेला आणि चार दिवस येऊन गेलेला दोघेही सारखेच ठरतात. एवढेच नव्हे, तर व्यवसायाच्या देण्यासाठी प्रत्येक भागीदार संपूर्ण रकमेपर्यंत जबाबदार असतो. पटकथा आणि संगीत यांचे हक्कही तोंडी हस्तांतरित होत नाहीत. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे त्यासाठी सहीचा लेखी करार लागतो, आणि त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांची व क्षेत्र लिहिले नसेल तर ते भारतापुरतेच धरले जाते. म्हणून हक्क कोणाकडे, वाटा किती, मध्येच कोणी नोकरी धरली तर त्याने लिहिलेल्या भागांचे काय, हे सारे आताच, मने स्वच्छ असताना, वकिलाकडून लिहून घ्यावे. आपले पैसे भेट आहेत, कर्ज आहे की भांडवल, हेही त्याच कागदावर यावे. मित्रांवर अविश्वास दाखवल्यासारखे होईल असे मुलाला वाटेल. त्याला सांगावे, की मैत्री टिकावी अशी इच्छा आहे म्हणूनच हा कागद हवा.

चित्रीकरणाचे वेळापत्रक कोकणाच्या ऋतूंनुसारच आखावे लागेल. पावसाळा टाळावा, १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक मासेमारी बंद असल्यामुळे समुद्रात निघालेल्या होड्यांची दृश्येही तेव्हा मिळणार नाहीत. मार्च ते मे घरातील सगळे हात आंब्याच्या काढणीत आणि पेटी भरण्यात गुंतलेले असतात. उरतात ते नोव्हेंबर ते फेब्रुवारीचे महिने, पण त्याच काळात जत्रा असतात, आणि दशावतारी कलाकारांना भूमिका द्यायच्या असतील तर ते रात्रभर नाटक करून दिवसा विश्रांती घेतात, याचा विचार करून तारखा आधीच ठरवाव्यात. विजयदुर्ग किल्ल्यावर दृश्य हवे असेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची परवानगी लागेल. कॅमेरा साधा चालेल, परंतु किनाऱ्यावरील वाऱ्यात संवाद ऐकू येत नाहीत, त्यामुळे ध्वनिमुद्रणासाठी जाणकार माणूस घ्यावाच.

मालिकेच्या उत्पन्नावर त्याने अवलंबून राहू नये. यूट्यूबवर जाहिरातींतील वाटा मिळण्यासाठी १,००० सदस्य आणि १२ महिन्यांत ४,००० तास पाहिले जाणे ही नेहमीची अट आहे, आणि ती पूर्ण झाल्यावर येणारी रक्कमही पाच जणांत वाटायची आहे. तेव्हा संकलनाची किंवा लग्नसमारंभांच्या चित्रीकरणाची कामे त्याने आतापासूनच सुरू ठेवावीत. त्यात कमीपणा काही नाही, उलट हात चालता राहतो.

करारनामा झाला, की पहिल्या भागापुरते पैसे द्यावेत. तो भाग इंटरनेटवर टाकण्यापूर्वी गावातील देवळाच्या सभामंडपात पडदा लावून शेजाऱ्यांना दाखवायला सांगावे. मालवणी बोलणारी ती माणसे कोठे हसली, कोठे चुळबुळली, हे पाचही मित्रांनी बसून टिपावे आणि दुसऱ्या भागाचे लेखन व त्याच्या पैशांची बोलणी त्यानंतरच सुरू करावीत.