कॅमेरा वायरचा की वायरलेस ते नंतर, आधी बंद केलेला घराचा विमा बघू

एका वाचकाचं पत्र आलंय. स्वतःचं घर आहे, सध्या रंगकाम काढलंय, चार कॅमेरे लावायचेत, वायरचे घ्यावेत की वायरलेस ते ठरत नाहीये. दोन्ही कोटेशनं पाठवलीत आणि शेवटी जाता जाता लिहिलंय, "घराचा विमा आठ वर्षं भरला, एकही क्लेम नाही, पैसे फुकट गेले. या वर्षी रिन्यू केला नाही, ते पैसे कॅमेऱ्यात घालतोय. एजंटने मागच्या आठवड्यात त्याऐवजी 20 वर्षांनी भरलेले सगळे पैसे परत देणारी पॉलिसी दिली."

अहो, हे काय करून बसलात! वायरचं सांगतोच, पण आधी हे.

वायरलेसच्या कोटेशनला 100 धरू. त्या मापात तुम्ही कळवलेला विम्याचा हप्ता वर्षाला 12 आणि घर पुन्हा बांधायचा खर्च साधारण 20,000. म्हणजे 12 वाचवायला 20,000 ची जोखीम डोक्यावर घेतलीत, आणि वायरलेसवाल्याचं क्लाउड सबस्क्रिप्शन, म्हणजे रेकॉर्डिंग इंटरनेटवर साठवायचं भाडं, महिन्याला 2, वर्षाचे 24, ते मात्र तुम्हाला महाग वाटलं नाही. विम्याच्या दुप्पट आहे ते.

कॅमेरा रेकॉर्ड करतो, एवढंच. चोर बिचकेल कदाचित, पण शॉर्टसर्किटची आग, फुटलेला पाइप, वादळात उडालेलं छप्पर यातलं काहीच तो थांबवत नाही की भरून देत नाही. आठ वर्षांत क्लेम नाही याचा अर्थ आठ वर्षं घर शाबूत राहिलं, पैसे फुकट कसे गेले?

आणि ती नवीन पॉलिसी. कागद नीट वाचा, ती जीवन विम्याची आहे, त्यात घर कुठेच नाही! भरलेलं सगळं परत म्हणजे व्याज शून्य. दरवर्षी तोच हप्ता 6 टक्क्यांच्या साध्या ठेवीत टाकला असता तर 20 हप्त्यांचे साधारण 39 हप्त्यांएवढे झाले असते, तुम्हाला 20 हप्तेच परत मिळणार. घराच्या विम्याला पर्याय म्हणून हे गळ्यात मारणाऱ्या एजंटचा मला खरंच राग येतो. आठवडाच झालाय ना, मग पॉलिसी परत करायची मुदत किती दिवसांची आहे ते आजच कागदात शोधा आणि अर्ज लेखी द्या.

विक्रेता म्हणतोय कॅमेऱ्यामुळे विम्यात सूट मिळेल. धरू 10 टक्के, 12 वर वाचले 1.2. तेही विमा चालू असेल तर.

आता कॅमेरे. घर स्वतःचं आहे आणि भिंती उघड्या आहेत, तर वायरचेच घ्या, मला यात शंका नाही. पीओई प्रकारात एकाच केबलमधून वीज आणि चित्र दोन्ही जातं, 100 मीटरपर्यंत. वायरलेस म्हणतात त्यातल्या बऱ्याच कॅमेऱ्यांना विजेची वायर लागतेच, आणि बॅटरीवाले सहसा हालचाल झाली तरच रेकॉर्ड करतात, वर शिडी लावून चार्जिंगला काढायचे. भाड्याचं घर असतं तर वायरलेस म्हटलं असतं, सोडताना काढून नेता येतात.

पाच वर्षांचा हिशोब, वायरलेस 100 अधिक सबस्क्रिप्शन 120, झाले 220. वायरचं तुमचं कोटेशन मजुरीसकट 160, मधे एकदा हार्डडिस्क बदलावी लागली तर अजून 20, म्हणजे 180. फक्त कोटेशनमधली 1 टीबी डिस्क कमी आहे. एक कॅमेरा 4 एमबीपीएसने दिवसाला 43 जीबी खातो, चार कॅमेरे 170च्या आसपास, सहा दिवसांत डिस्क भरून जुनं पुसलं जायला लागेल. आठवडाभर गावाला गेलात तर पहिल्या दिवशीचं परत येईपर्यंत गेलेलं असेल. 2 टीबी घ्या, अकरा-बारा दिवस मिळतात. रेकॉर्डर कुलुपातल्या कपाटात ठेवा, चोराने तोच उचलला तर रेकॉर्डिंगही गेलं, आणि त्याला आणि राउटरला मिळून एक छोटा यूपीएस द्या. कंपनीचा पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला, 2016 मध्ये मिराई नावाच्या व्हायरसने असेच मूळ पासवर्ड न बदललेले कॅमेरे ताब्यात घेतले होते.

रंगाचा शेवटचा हात मारायच्या आधी केबलचे पाइप भिंतीत टाकून घ्या. कॅमेरे दोन महिन्यांनी लावले तरी चालतील, तेवढ्यात घराच्या विम्याचे 12 भरून टाका, विम्याची रक्कम आजच्या बांधकाम खर्चावर धरलीय ना ते बघून.