फ्रेंच सिनेमातली वस्ती, तिथली पोरं आणि पोलीस: कॅमेरा कुठे उभा आहे ते बघा

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. फ्रेंच सिनेमात शहरी तरुण, गरिबी आणि सत्ता दाखवायला कोणती तंत्रं वापरतात, आणि 'ला एन'सारख्या कृष्णधवल चित्रपटात गरिबी 'सुंदर' दिसायला लागते हा आक्षेप खरा आहे का. निबंध लिहायचा आहे म्हणता, म्हणून आधीच सांगतो: तंत्रांची जंत्री देऊ नका. लाँग टेक, क्लोज-अप, वाइड लेन्स ही नावं कुणीही लिहील. प्रत्येक दृश्यापाशी थांबून एवढंच विचारा की कॅमेरा कुणाच्या बाजूला उभा आहे, किती अंतरावर उभा आहे, आणि कुणाला कुणाकडे बघायची मुभा आहे. या चित्रपटांमध्ये सत्ता पहिल्यांदा दिसते ती इथे. पोलिसांची लाठी त्यानंतर येते.

थोडी पार्श्वभूमी लागेल. पॅरिसमध्ये गरीब वस्ती शहराच्या पोटात कमी आणि कडेला जास्त आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर घरांची प्रचंड टंचाई होती, म्हणून 1950 ते 1970च्या दशकांत सरकारने शहराबाहेर काँक्रीटच्या अवाढव्य इमारती उभ्या केल्या. तिथे कामगार आले, अल्जीरिया, मोरोक्को, माली, सेनेगल इथून आलेली कुटुंबं आली. पुढे कारखाने बंद पडत गेले, नोकऱ्या गेल्या, इमारती तशाच राहिल्या. या वस्त्यांना तिथे 'सिते' म्हणतात.

मात्यू कासोविट्झचा 'ला एन' 1995चा. एप्रिल 1993मध्ये पॅरिसच्या अठराव्या विभागातल्या पोलीस चौकीत चौकशी चालू असताना माकोमे नावाचा 17 वर्षांचा मुलगा पोलिसाच्या गोळीने मेला. त्या घटनेने कासोविट्झला हा चित्रपट लिहायला लावलं. गोष्ट एका दिवसाची. दंगलीच्या रात्रीनंतरची सकाळ आहे, पोलिसांच्या मारहाणीत जखमी झालेला एक मित्र रुग्णालयात बेशुद्ध पडलाय, आणि व्हिन्झ, उबेर आणि सईद हे तिघं नुसते भटकतायत. व्हिन्झला एका पोलिसाचं हरवलेलं पिस्तूल सापडलंय. मित्र मेला तर मी एक पोलीस मारणार, असं तो म्हणतो.

यातलं टीव्हीवाल्यांचं दृश्य नीट बघा. बातमीदार बाई गाडीतून येतात, गाडी वरच्या रस्त्यावर थांबते. पोरं खाली, मुलांच्या खेळायच्या जागेत बसलेली. बाई गाडीतून उतरत नाहीत, वरूनच विचारतात, कालच्या दंगलीत तुम्ही होता का? उबेर त्यांना सुनावतो की हे तुआरी नाही. तुआरी हे पॅरिसजवळचं प्राणिसंग्रहालय, तिथे गाडीत बसूनच प्राणी बघतात. दृश्याच्या काही भागात आपल्याला खुद्द त्या टीव्ही कॅमेऱ्यातून बघायला लावलंय, आणि तिथून बघताना ही पोरं खरोखर अंगावर येणारी, धोकादायक वाटतात. क्षणभरापूर्वी आपण त्यांच्याच शेजारी बसून त्यांच्या फालतू गप्पा ऐकत होतो. माणसं तीच, जागा तीच, फक्त कॅमेऱ्याची उंची आणि मालकी बदलली. निबंधासाठी मला विचाराल तर या एका दृश्यावर दोन पानं लिहा.

दुसरं, लेन्स. वस्तीत कासोविट्झ आणि छायाचित्रकार पिएर आइम वाइड लेन्स वापरतात, कॅमेरा संथपणे पोरांबरोबर चालत राहतो, मागच्या इमारतीसुद्धा स्वच्छ दिसतात. तिघं तिथले आहेत, ती जागा त्यांची आहे. मग ते रेल्वेने पॅरिसला येतात. कठड्यापाशी तिघं उभे, मागे शहर पसरलेलं, आणि एकाच शॉटमध्ये कॅमेऱ्याची हालचाल आणि झूम एकमेकांच्या विरुद्ध जातात. पोरांचा आकार तेवढाच राहतो, मागचं शहर सरकतं आणि धूसर होतं. यानंतर पॅरिसभर लांब लेन्स, म्हणजे दूरचं जवळ ओढणारी लेन्स आहे. तिघं पार्श्वभूमीपासून सुटून आल्यासारखे, चिकटवल्यासारखे दिसतात. आपल्याच देशाच्या राजधानीत ते परके आहेत हे संवादात सांगावं लागत नाही.

पॅरिसमधल्या चौकशीच्या दृश्यात दोन साध्या वेशातले पोलीस सईद आणि उबेरला खुर्चीला बांधून छळतात. पण आपली नजर जाते खोलीतल्या तिसऱ्या, नव्या शिकाऊ पोलिसाकडे. तो बघतोय, त्याला ते पटत नाहीये, आणि तो काहीच बोलत नाही. सत्ता पुढच्या पिढीकडे कशी सोपवली जाते हे मी दुसऱ्या कुठल्या चित्रपटात इतकं थोडक्यात पाहिलेलं नाही.

आता गरिबी. इथे उपाशी पोरं, गळकी छपरं शोधू नका, सापडणार नाहीत. इथली गरिबी वेळेची आहे. पडद्यावर अधूनमधून घड्याळ येतं, सकाळी 10:38ला गोष्ट सुरू होते आणि दुसऱ्या पहाटे 06:01ला संपते. मधले तास कसे जातात? बसून, टवाळक्या करून, गच्चीवर सॉसेज भाजून. कुणाला कुठे पोचायचंच नाहीये. आणि ज्या एका वेळी पोचायचं असतं, तेव्हा शेवटची रेल्वेगाडी चुकते आणि रात्रभर ते शहरात अडकतात. गाडी चुकली की घरी जाता येत नाही, एवढ्या साध्या गोष्टीत त्यांची सगळी आर्थिक परिस्थिती आली.

तुमच्या आक्षेपाकडे येतो. 'ला एन' रंगीत फिल्मवर चित्रित करून कृष्णधवल छापलाय. देखणा आहेच, कान महोत्सवात दिग्दर्शनाचं पारितोषिक मिळालं ते उगाच नाही. वस्तीच्या वरून तरंगत जाणारा तो शॉट, खिडकीत डीजे स्पीकर लावून पोलिसांना शिव्या घालणारं रॅप आणि जुन्या फ्रेंच गायिका एदिथ पिआफचं गाणं एकत्र मिसळतोय, तो बघताना अंगावर काटा येतो. पण तो शॉट वस्तीला मिळालाय, आयफेल टॉवरला नाही, हे विसरू नका. ज्या इमारतींकडे टीव्ही फक्त जळत्या गाड्यांसाठी बघतो, त्यांना कुणीतरी पहिल्यांदा एखाद्या कॅथेड्रलला द्यावं तसं लक्ष दिलं. म्हणून मला तो आक्षेप 'ला एन'पुरता पटत नाही. चित्रपटाची खरी उणीव वेगळी आहे, आणि ती म्हणजे मुली. आई, आजी, बहीण यांच्यापलीकडे वस्तीतल्या स्त्रिया इथे जवळजवळ नाहीतच.

ती उणीव सेलीन सियामाच्या 'बाँद द फी'ने (2014) भरून काढायचा प्रयत्न केला. सुरुवातीला काळ्या मुलींचा घोळका खेळ संपवून रात्री घरी निघालाय, सगळ्या एकाच वेळी बोलतायत, नुसता कलकलाट. वस्तीत शिरताना पायऱ्यांवर, भिंतीला टेकून मुलगे उभे दिसतात आणि आवाज हळूहळू विरत जातो. एकेक मुलगी आपापल्या वाटेने गप्प होऊन निघून जाते. कुणी धमकावलेलं नाही, कुणी हात लावलेला नाही. केवळ ध्वनीची पातळी खाली आणून सत्ता दाखवलीय. हे दृश्य हेडफोन लावूनच बघा.

लाज ली हा पॅरिसच्या उपनगरातल्या माँफर्मेयच्या वस्तीतच वाढलेला दिग्दर्शक. त्याचा 'ले मिझेराब्ल' 2019चा. पहिल्याच दृश्यात 2018च्या फुटबॉल विश्वचषकाचा जल्लोष आहे, वस्तीतली पोरं फ्रान्सचे तिरंगी झेंडे अंगावर घेऊन पॅरिसमध्ये नाचतायत. 'ला एन'मधल्या पॅरिसशी ताडून बघा: इथे एका संध्याकाळपुरतं शहर त्यांचं आहे. पुढे एक पोलीस एका मुलाच्या तोंडावर रबरी गोळी झाडतो आणि दुसऱ्या लहान मुलाच्या ड्रोनमध्ये ते टिपलं जातं. तिथून पुढची सगळी पळापळ त्या मेमरी कार्डासाठी. पोलिसांना त्या मुलाच्या जखमेपेक्षा चित्रणाची चिंता जास्त. ली स्वतः तरुणपणी वस्तीतल्या पोलिसांचं चित्रण करत असे, त्यामुळे हे त्याने ऐकून लिहिलेलं नाही. 'ला एन'मध्ये कॅमेरा बाहेरून गाडीत बसून आला होता, इथे तो एका पोराच्या हातातल्या रिमोटवर आहे. निबंधाला कणा हवा असेल तर 24 वर्षांतला हा बदल घ्या.

अब्देलातिफ केशीशचा 'लेस्कीव्ह' मात्र चुकवू नका. शाळेतली मुलं अठराव्या शतकातल्या मारिव्होचं नाटक बसवतायत, एवढीच गोष्ट. कॅमेरा चेहऱ्यांच्या इतका जवळ की इमारती दिसतच नाहीत, दिसतं ते बोलणं, भांडणं, लाजणं. म्हणूनच शेवटाकडे पोलिसांची झडती येते तेव्हा ती असह्य होते. तोवर आपण या मुलांना नावानिशी ओळखायला लागलेलो असतो आणि पोलिसांना त्यात फक्त संशयित दिसतात.

देखणेपणाचा आक्षेप मी लावीन तो रोमाँ गाव्रासच्या 'अथेना'वर (2022). पोलीस चौकीवरच्या हल्ल्यापासून वस्तीपर्यंत जाणारा सुरुवातीचा तो दहाएक मिनिटांचा अखंड शॉट तांत्रिकदृष्ट्या थक्क करतो. पण तो संपल्यावर मला आठवतो तो कॅमेरा. हल्ला करणाऱ्या पोरांपैकी एकाचंही घर, त्याची दुपार, त्याचा कंटाळा मला ठाऊक होत नाही. धूर, फटाके, धावणारे देह, सगळं भव्य आहे, आणि ती पोरं पुन्हा टीव्हीवाल्यांच्या गाडीतून दिसायची तशीच दिसतात. तुमच्या निबंधात 'ला एन'शेजारी हाच चित्रपट ठेवा. कृष्णधवल की रंगीत हा मुद्दा तिथे आपोआप मागे पडेल.