बॅटरी दुरुस्तीच्या दुकानावर राहतो. मुलाच्या हट्टीपणाचा शिशाशी संबंध असेल का?

ताई, तुम्ही विचारले आहे ते असे: निपाणीजवळ रस्त्याकडेच्या गाळ्यात यजमानांचे बॅटरी दुरुस्तीचे दुकान आहे आणि त्याच्याच माडीवर तुम्ही राहता. साडेचार वर्षांचा मुलगा उशिरा बोलू लागला, तो एका जागी बसत नाही, क्षुल्लक कारणावरून डोके आपटून घेतो आणि भिंतीचे पोपडे खातो. कोणीतरी त्याच्या केसांची तपासणी करून ‘अंगातले विषारी धातू काढणारी’ पावडर तीन महिने द्यायला सांगितली आहे; ती द्यावी का? माझे उत्तर असे आहे की पावडर देऊ नका, मुलाच्या शिरेतून रक्त काढून त्यातील शिशाचे प्रमाण तपासून घ्या, आणि निकालाची वाट न पाहता दुकानातली धूळ माडीवर येणे आजपासूनच बंद करा.

मी डॉक्टर नाही. बेळगाव तालुक्यातल्या एका मराठी प्राथमिक शाळेत मी 29 वर्षे शिकवले. हे सगळे मला शिकावे लागले ते माझ्या पुतण्यामुळे. माझ्या धाकट्या दिरांचे असेच दुकान होते आणि दुकानामागेच त्यांचे घर होते. दुसरीत हा मुलगा माझ्याच वर्गात होता. ‘वही काढ, तारीख घाल, फळ्यावरचे उतरवून घे’ असे सांगितले की तो वही काढायचा आणि तिथेच थांबायचा. पुढचे दोन्ही शब्द जणू त्याच्या कानांवर पडलेच नव्हते. शेजारच्याने पेन्सिल घेतली तर बोलण्याआधी त्याचा हात उठायचा. मी त्याला आळशी म्हटले, वर्गासमोर उभे केले, एकदा पट्टीही मारली. ते आठवले की आजही मला वाईट वाटते. त्याचे पोट सतत दुखायचे, शौचाला खडा व्हायचा, म्हणून तीन वेळा जंताचे औषध देऊन झाले. शेवटी बेळगावातल्या एका बालरोगतज्ज्ञांनी त्याचे फिके ओठ पाहून पहिलाच प्रश्न केला: ‘वडील काय काम करतात?’ रक्ताचा नमुना बाहेरगावच्या प्रयोगशाळेत पाठवावा लागला. अहवालात आकडा आला 21.

हा आकडा एका डेसिलिटर रक्तातील शिशाचा, मायक्रोग्रॅममध्ये असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2021 च्या मार्गदर्शनानुसार तो 5 किंवा त्याहून जास्त असेल तर शिसे कुठून येते ते शोधून ते बंद करावे. अमेरिकेने त्याच वर्षी लहान मुलांसाठी ही रेषा 3.5 वर आणली. या रेषा सुरक्षिततेच्या नाहीत. मुलांसाठी शिशाचे सुरक्षित असे कोणतेही प्रमाण आजवर सापडलेले नाही. 2005 साली सात ठिकाणच्या 1,333 मुलांची माहिती एकत्र करून पाहिली, तेव्हा बुद्ध्यांकातील सर्वांत तीव्र घसरण खालच्या आकड्यांतच, म्हणजे 10 च्या आत, दिसली. म्हणून ‘थोडेसेच आहे, काही होत नाही’ असे कोणी म्हणाले तर ते मान्य करू नका.

शिसे मेंदूत एवढा गोंधळ का घालते, हे समजले की पुढची काळजी घेणे सोपे जाते. शरीर शिशाला कॅल्शियम समजते. मेंदूतील पेशी एकमेकींना संदेश देताना कॅल्शियमवर अवलंबून असतात. त्या जागी शिसे शिरले की नको तेव्हा संदेश जातात आणि हवे तेव्हा अडतात, आणि शिकण्यातून पक्क्या व्हायच्या जोडण्या कच्च्याच राहतात. कपाळामागचा जो भाग आपल्याला ‘थांब, आधी विचार कर’ असे सांगतो, तो सर्वांत सावकाश वाढतो आणि म्हणून त्याला धोकाही जास्त. अमेरिकेतील सिनसिनाटी शहरात 1979 पासून काही मुलांच्या रक्तातील शिसे जन्मापासून मोजत गेले. ती मोठी झाल्यावर मेंदूची छायाचित्रे घेतली, तेव्हा लहानपणी ज्यांचा आकडा जास्त होता त्यांच्यात नेमका हाच भाग आकाराने कमी भरला. शिवाय पोटात गेलेले शिसे मोठ्या माणसापेक्षा लहान मूल चार-पाच पटींनी जास्त शोषून घेते. एकाच धुळीत बाप आणि मुलगा वावरत असले तरी बापाला काही जाणवत नाही, याचे एक कारण हे.

शिक्षिका म्हणून मला सर्वांत जास्त हलवले ते अमेरिकेतील डॉक्टर हर्बर्ट नीडलमन यांच्या 1979 सालच्याच अभ्यासाने. आपल्याकडे मुलाचा दुधाचा दात पडला की तो कौलांवर फेकतात. बोस्टनजवळच्या दोन गावांतील पहिली-दुसरीच्या मुलांचे असे पडलेले दात त्यांनी गोळा केले, कारण रक्तातले शिसे महिन्या-दोन महिन्यांत उतरते, पण दातात मागच्या कित्येक वर्षांचे साठून राहते. त्या मुलांच्या शिक्षकांना दातांतील आकडे ठाऊक नव्हते. त्यांना इतकेच विचारले होते की मूल चटकन विचलित होते का, हातातले काम तडीस नेते का, साध्या सूचना पाळते का, स्वप्नात हरवल्यासारखे बसते का. दोन हजारांहून अधिक मुलांची उत्तरे दातांशी ताडली, तेव्हा दातात शिसे जितके जास्त, तितकी शिक्षकांची तक्रारही जास्त निघाली. मी माझ्या पुतण्याबद्दल दिरांकडे ज्या तक्रारी नेल्या होत्या, त्या जवळजवळ शब्दशः त्या यादीत होत्या.

आता तुमच्या घराचे पाहू. बॅटरी फोडली की प्लेटांना चिकटलेला करडा-तपकिरी लगदा वाळतो आणि त्याची पूड होते. ती पूड म्हणजेच शिसे. जुन्या प्लेटा कढईत वितळवून टर्मिनल ओतत असतील तर त्याची वाफ आणि वरची साय आणखी वाईट. आमच्या दिरांचा कामाचा शर्ट पाळण्याशेजारच्या खुंटीवर अडकवलेला असे, आणि जाऊबाई तो मुलाच्या कपड्यांबरोबर एकाच बादलीत भिजवत असत. आफ्रिकेतील सेनेगल देशात डाकारजवळच्या एका वस्तीत 2007-08 मध्ये काही महिन्यांत बॅटरीच्या मातीमुळे 18 मुले दगावली. तिथल्या बायका त्या मातीतून शिसे चाळून विकत होत्या. तुमच्याकडे इतके टोक नसेल, पण वाट तीच आहे.

म्हणून यजमानांनी दुकानातच आंघोळ करावी, निदान कपडे आणि चप्पल तिथेच ठेवून हात-तोंड धुऊन मगच जिना चढावा. ते कपडे वेगळे धुवा. माडीवर कोरडा केरसुणीचा हात फिरवू नका, कारण त्याने पूड हवेत उठते. ओल्या फडक्याने पुसा आणि फडके वाहत्या पाण्यात धुवा. बॅटरी फोडणे आणि शिसे वितळवणे हे काम तर घराखाली होताच कामा नये. ते दूर हलवा किंवा सोडून द्या आणि दुकानात केवळ चार्जिंग आणि विक्री ठेवा. दीर या गोष्टीला सहा महिने राजी नव्हते, कारण मिळकत त्यातच होती. अहवालाचा कागद समोर ठेवल्यावर त्यांनी दुसरीकडे शेड घेतली. यजमानांशी भांडून नव्हे, त्यांचेही रक्त तपासायला लावून बोला. त्यांचाही आकडा जास्त येण्याची शक्यता आहे, कारण ते दिवसभर त्याच पुडीत काम करतात.

पोपड्यांचे दोन अर्थ असू शकतात. आपल्याकडे घरगुती रंगांतील शिशावर दशलक्षात 90 भाग ही मर्यादा नोव्हेंबर 2017 पासून लागू झाली. भिंत त्याआधी रंगवलेली असेल तर पोपड्यातच शिसे असू शकते. ती कोरडी घासू नका, ओली करून काढा. दुसरे म्हणजे माती आणि पोपडे खाणाऱ्या मुलाच्या अंगात बहुधा लोह कमी असते, आणि लोह कमी असले की आतडे शिसे जास्त ओढून घेते. तेव्हा हिमोग्लोबिनही तपासा. नाचणी, दूध, पालेभाजी, त्यावर लिंबू, आणि मूल उपाशीपोटी न राहणे, याचा खरा उपयोग होतो. सुरमा डोळ्यांत घालू नका, आणि हळद सुटी, फार पिवळीधमक असेल तर घेऊ नका. रंगासाठी तिच्यात लेड क्रोमेट ही शिसे असलेली पिवळी पूड मिसळल्याची उदाहरणे आहेत. ओळखीच्या शेतकऱ्याकडून हळकुंडे आणून दळून घेणे उत्तम.

पावडरीबद्दल मी इतकी ठाम का आहे ते सांगते. केसांवर बाहेरची धूळही बसते, त्यामुळे त्या तपासणीवरून उपचार ठरवत नाहीत. शिसे बाहेर काढणारी खरी औषधे असतात, पण ती साधारण 45 किंवा त्यावरच्या आकड्याला, रुग्णालयाच्या देखरेखीखाली देतात. ज्यांचा आकडा 20 ते 44 होता अशा 780 मुलांवर अमेरिकेत त्यांपैकी एक औषध वापरून पाहिले. 2001 मध्ये निष्कर्ष आला की रक्तातले शिसे उतरले, पण बुद्धी किंवा वर्तन सुधारले नाही. 2005 मध्ये पेनसिल्व्हेनियात स्वमग्न असलेल्या पाच वर्षांच्या एका मुलाला ‘धातू काढण्यासाठी’ चुकीचे औषध शिरेतून दिले, त्याच्या रक्तातील कॅल्शियम एकदम उतरले आणि तो गेला. शिवाय काही रसौषधांत, म्हणजे धातूंची भस्मे घातलेल्या आयुर्वेदिक औषधांत, शिशाचेच भस्म असते. डब्यावर काय लिहिले आहे यावर विसंबू नका.

बोलायला उशीर झाला आहे, त्याचे सगळे खापर शिशावर फोडू नका. त्याची कानांची तपासणी आणि विकासाची तपासणी वेगळी व्हायला हवी. अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक येते, ते पुढे जिल्ह्याच्या केंद्राकडे पाठवते आणि त्याला पैसे पडत नाहीत. फॉर्म कन्नडमध्ये असतील तर कन्नड वाचणारे कोणी बरोबर न्या, आणि वडिलांचा व्यवसाय त्यात स्पष्ट लिहायला सांगा.

रक्त बोटाला टोचून घेतले आणि आकडा जास्त आला तर शिरेतून पुन्हा घ्या, कारण बोटावरची पूडही मोजली जाते. माझ्या पुतण्याचा आकडा शेड हलवल्यावर सहा महिन्यांत 13 झाला आणि दीड वर्षाने 8. पोटदुखी थांबली, हात उगारणे पुष्कळ कमी झाले. आज तो नववीत आहे. गणित त्याला अजूनही एकेक पायरी वेगळ्या ओळीवर लिहून द्यावे लागते, आणि तसे दिले की तो ते सोडवतो.