कलिंगडावरचा ओला डाग कशाचा?

प्रश्न : काढणी तोंडावर आली आणि कलिंगडांच्या वरच्या अंगावर गडद हिरवे, ओलसर डाग पसरले. बुरशीनाशक मारूनही थांबत नाहीत. हे ऊन लागणं आहे की कूज?
— एक शेतकरी, इंदापूर

उत्तर : फोटो पाहून जीव हळहळला. हा बहुधा जिवाणूजन्य फळडाग आहे. याचा जिवाणू ॲसिडोव्होरॅक्स सिट्रुली, म्हणून बुरशीनाशक लागू पडत नाही. उन्हाचा चट्टा पांढरट, कोरडा असतो. कॅल्शियम कमी पडलं तर फळ फुलाच्या टोकाकडून काळं पडतं. तुमचे डाग वर आहेत, कडा वेड्यावाकड्या आहेत. पुढे तिथेच साल तडकते आणि मग फळ सडतं. पानंही उलटून बघा, शिरांच्या कडेने तपकिरी चट्टे सापडतील.

डाग आज दिसले तरी लागण जुनी आहे. फुलानंतरच्या दोन-तीन आठवड्यांत, सालीवर मेणाचा थर धरण्याआधी, जिवाणू आत शिरतो. तो बियाण्यातून येतो आणि तुषार सिंचनाच्या, पावसाच्या शिंतोड्यांनी पसरतो. खात्रीसाठी ताज्या डागाच्या कडेचा तुकडा कृषी विज्ञान केंद्रात दाखवा.

आता औषधावर पैसा घालू नका, माझं स्पष्ट मत आहे. ताम्रयुक्त फवारणी उपयोगी पडते ती फुलोऱ्यापासून, तीही प्रसार रोखण्यापुरती. डागी फळं रानाबाहेर काढा, वेल ओले असताना आत फिरू नका. या फळांचं बी अजिबात धरू नका. त्या रानात किमान 3 वर्षं काकडी, खरबूज, भोपळा काहीच नको. आपोआप उगवलेले वेलही उपटा.